डोक्याचं माप

कूलरच्या जाळीत नवा वाळा भरला आणि पाणी सोडलं की पहिल्या झोताबरोबर एक वास येतो. ओल्या गवताचा, गंजलेल्या पत्र्याचा, मागच्या उन्हाळ्यात आत अडकून राहिलेल्या धुळीचा. त्या वासानं माणसाला बरं वाटतं, असा आजवरचा अनुभव. यंदा मला त्या वासानं बसवेना. उठून खिडकीपाशी गेलो, खिडकीतून दारात, दारातून परत कूलरपाशी. सुरेखा, माझी बायको, आत कणीक तिंबत होती. तिथूनच म्हणाली, "काय शोधून राहिले?"

"काही न्हाई."

माझं घरातलं निम्मं बोलणं एवढ्या दोन शब्दांत उरकतं. लातुरात माझं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. तिथं दिवसभर तोंड चालू असतं. गिऱ्हाइकाला बोअर किती खोल, मोटार किती एचपीची, सगळं मीच विचारतो, मीच सांगतो. संध्याकाळी शटर ओढलं की त्याच्याबरोबर माझंही ओढलं जातं. लोक म्हणतात, स्वभाव आहे. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र तो स्वभाव राहिला नाही, ते लपणं झालं.

आमच्याकडं ऊन पडत नाही, मुक्कामाला येतं. होळी झाली की ते अंगणात उतरतं, मग ओसरीत सरकतं, मग भिंतीत शिरतं. मग रात्री भिंतीला पाठ टेकली तरी ऊनच टेकल्यासारखं वाटतं. नळाच्या पहिल्या पाण्यानं हात पोळतो. कडुलिंबाचा मोहोर झडतो आणि कडसर गोड वास डांबराच्या वासात मिसळतो. गंजगोलाईच्या बाजारात दुपारी उभं राहिलं तर माणसं दिसत नाहीत, डोकी दिसतात, आणि प्रत्येक डोक्यानं आपापली सोय केलेली असते. कुणाचा पांढरा पटका, कुणाची दस्ती, म्हणजे पाण्यात पिळून ठेवलेला रुमाल, कुणी खताच्या पिशवीची घडी करून घेतलेली. स्कूटीवरच्या पोरींचे स्कार्फ, नुसते डोळे उघडे. म्हाताऱ्यांच्या खिशात कांदा. एवढ्या डोक्यांत बाईमाणसाच्या डोक्यावर काठाची टोपी तेवढी कधी दिसत नाही. पदर असतो. पदर पुरतो, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

सुरेखाला पदर पुरत नव्हता.

तिला उन्हाचा आजार निघाला. ऊन लागलं की गालांवर, नाकाच्या शेंड्यावर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे, अंगात ताप भरायचा. पदरानं डोकं झाकतं, नाक झाकत नाही. स्कार्फ बांधला की चट्ट्यांवर घासायचा आणि आग व्हायची. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, "यांना घरात कोंडू नका. रुंद काठाची टोपी घ्या. नाक, कान, मान, तिन्ही सावलीत पाहिजेत." हे ते माझ्याकडं बघून म्हणाले होते. माझ्याकडं का बघितलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरात कोंडायची बाईच नव्हती ती. शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला आमचा शेताचा एक तुकडा आहे. माझ्या दृष्टीनं ती नुसती जागा. तिच्या दृष्टीनं तो तुकडा म्हणजे माहेर आणि सासर सोडून तिसरं काहीतरी, जिथं ती कुणाची कुणीच नव्हती. रविवारी सकाळी निघायची. गवारी, दोडकी, बांधाला शेवगा, विहिरीच्या कडेला मोगऱ्याची रांग. पाण्याशी बोलायची, पाटाच्या दाऱ्यावर उभी राहून पाण्यालाच हाका मारायची, "हिकडं ये की रे, तिकडं काय हाय?" मी बांधावर मोबाइल बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, कुणी ऐकलं तर काय म्हणतील.

हा प्रश्न माझ्याजवळ कायम असायचा, खिशातल्या कांद्यासारखा.

टोपी लेकीनं आणली. पुण्यात नोकरी करते ती. आभाळी रंगाची, सुती, काठ हातभर नाही पण चांगला वीतभर, हनुवटीखाली बांधायला नाडी. सुरेखानं आरशासमोर घातली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाली, "मी शेतकरीण दिसते का मॅडम दिसते?" लेक म्हणाली, "मम्मी, तू तूच दिसतीस, फक्त सावलीत." दोघी हसल्या. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

आता जे सांगायचं ते सांगतो.

देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं गाव आहे. गेल्या वैशाखात तिच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. दारात मांडव, भर दुपारचा मुहूर्त, आणि मी मुलीचा मामा. मामाचा मान आमच्याकडं मोठा. मामानं नवरीला मांडवात आणायचं, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, मामीनं शेजारी. टॉवेल-टोपीचा आहेर पहिला मामाला. त्या टोप्या कुणी घालत नाही. एका लग्नात मिळालेली पुढच्या लग्नात दुसऱ्याला जाते. आमच्या कपाटात अशा पांढऱ्या टोप्यांची चळत आहे. डोक्याला बसते का, हे कुणी बघत नाही. मान असतो, माप नसतं.

सुरेखा जीपमधून उतरली ती हिरव्या इरकलीवर आभाळी टोपी घालून. मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. दाजींचा धाकटा भाऊ बालाजी, मूळचाच मस्करीखोर, लांबूनच ओरडला, "वैनी, पिच्चरमधी काम करून राहिल्या का?" मांडव हसला. सुरेखाही हसली, थोडी. म्हणाली, "हाव, तुमाला घेते की खलनायक." आणखी हसले. तिनं ते निभावून नेलं होतं. तिला काही अडचण नव्हती. अडचण मला होती.

कारण हसून झाल्यावर बायका विचारू लागल्या. "का गं बाई, टोपी का?" "काय झालंय तोंडाला?" टोपी दिसली की आजार दिसत होता. आणि लग्नघरात, नवऱ्याकडचे पाहुणे बसलेले असताना, मामीला कातडीचं काहीतरी आहे, हे कुणाच्या कानावर जाऊ नये, असं मला वाटलं. असं मला वाटलं, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. लोक हसले म्हणून मी लाजलो, असं वर्षभर स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हे. मी तिच्या आजाराला लाजलो.

मी तिला हळूच म्हटलं, "लग्न लागेपर्यंत काढ की जरा."

तिनं माझ्याकडं बघितलं. काढली. नाडी गुंडाळून माझ्या हातात दिली. "संभाळा," म्हणाली. पदर घेतला आणि उन्हात उभी राहिली, कारण मामा-मामीची जागा मांडवाच्या पार कडेला होती, जिथं कापड संपत होतं.

एका हातात अक्षता, एका हातात टोपी. माझ्या हाताला ती टोपी चटके देत होती म्हणा ना. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, माणसं जेवायच्या पंगतीकडं पांगली. मांडवापलीकडं विहीर, विहिरीपलीकडं उन्हाळी भुईमुगाचं रान, आणि रानाच्या मध्यात काठीवर फाटका सदरा घातलेलं बुजगावणं. मडक्याचं डोकं, चुन्यानं काढलेले डोळे. बालाजी माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "मामा, काय करता हिचं? त्या गड्याचं डोकं उघडं हाय. घालू का त्याला?"

मी म्हटलं, "घाल."

दोनच अक्षरं. मी हसतसुद्धा म्हटलं असेन.

जेवणं झाल्यावर सुरेखा आली. चेहरा तोवर पेटला होता. "टोपी द्या." मी म्हटलं, "माझ्याकडं कुठाय? तुझ्याकडंच दिली की मघा." का म्हटलं? परत आणायची तर रानात जावं लागणार, सगळे बघणार, पुन्हा हसणार, आणि मग ते हसणं माझ्यावर असणार. तिनं जीप शोधली. बैठकीच्या खाली हात घालून बघितलं. बायकांना विचारत हिंडली, "आभाळी टोपी दिसली का हो?" पंगतीच्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ती समोर, विहिरीपलीकडं, भर उन्हात होती. मी काय केलं, तर तिच्या आणि त्या रानाच्या मधे जाऊन उभा राहिलो. ती जिकडं वळेल तिकडं मी सरकत होतो. मामा कसा बायकोच्या मागं मागं फिरून राहिलाय, म्हणून अक्काला कौतुक वाटलं.

त्या लग्नाहून आली ती आजारीच पडली. पायाची बोटं एवढी सुजली की जोडवी काढावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "टोपी घालत नव्हता का?" ती म्हणाली, "हरवली. लई विसरभोळी झाले मी." मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. लेकीचा फोन आला की सांगायची, "हाय की टोपी, कपाटात हाय." माझं खोटं झाकायला तिला न कळता ती आपल्या पोरीशी खोटं बोलत होती.

उरलेला उन्हाळा तिनं आत काढला. खिडक्यांना गोणपाट लावलं. दुसरी टोपी आणू म्हटलं, तर म्हणाली, "नको. मला टोपी सोसत न्हाई." कुरडया केल्या, पण गच्चीवर घालायला शेजारच्या बायका गेल्या. वरून त्यांचं हसणं, पातेल्यांचे आवाज यायचे, आणि ही जिन्याच्या पायरीवर बसून खालून विचारायची, "वाळल्या का गं?" तुकड्याकडं मी एकदोनदा गेलो. गवारी करपून गेलेली. मोगऱ्याची रांग काटक्यांची झाली होती. पाणी सोडलं, पण मला त्याला हाक मारता येईना. नुसता उभा राहिलो.

पावसाळा आला, गेला. थंडीत ती सकाळ-संध्याकाळची थोडी बाहेर पडायची. मग पुन्हा होळी झाली, पुन्हा कूलरमध्ये वाळा भरला, आणि अक्काचा फोन आला. धाकटीचं लग्न ठरलं. तोच मांडव, तोच भर दुपारचा मुहूर्त. "वैनीला आन रे. मागच्या टायमाला लई झालं तिला." सुरेखा म्हणाली, "तुम्ही जा एकटे. मामा असला की झालं."

मालाच्या कामाला नांदेडला गेलो होतो. काम सकाळीच उरकलं. बस लगेच होती, ती सोडली. वजिराबादच्या बाजारात हिंडू लागलो. आधी एका दुकानात, मग दुसऱ्या, मग हातगाड्यांवर. क्रिकेटच्या पंचाची पांढरी टोपी, छान, पण मान उघडी. चोचीच्या टोप्या, कान उघडे. नुसता पट्टा आणि पुढं काठ, वर डोकं उघडं, तसलीही असते. गवताची कडक, जी चट्ट्यांना घासली असती. प्रत्येक टोपी उचलायचो, तिच्या आत बघायचो, ठेवायचो. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. रसाच्या गुऱ्हाळापाशी उभा राहिलो, ग्लास तोंडाला लावला, अर्धा ठेवून पुन्हा त्याच गाडीवर आलो. गाडीवाला वैतागला असावा. "साब, किसके वास्ते ढूंड रहे?"

"घरवाली के वास्ते."

"तो सर का नाप बोलो ना."

पाइप नुसता बघून मी अडीच इंची की तीन इंची सांगतो. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं डोकं केवढं, ते मला सांगता येईना. हातांनी हवेत गोल केला. गाडीवाला हसला, "ये तो तरबूज का नाप है, साब." शेवटी एक करडी, मऊ, रुंद काठाची उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घालून बघितली. मला बसली. म्हटलं, द्या.

परतीच्या बसमध्ये लोह्यापासून अहमदपूरपर्यंत ती मांडीवर होती. खिडकीतून झळा येत होत्या. काठ फडफडायचा, मी दाबून धरायचो. शेजारचे आजोबा म्हणाले, "सोडा की, उडून कुठं जातीय, बसमधीच ऱ्हाईल." मी सोडली नाही.

घरी सुरेखा सांडगे घालत होती, स्वयंपाकघरातच, ताटांवर. मी टोपी पुढं केली. तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, आणि घातली. टोपी सरळ डोळ्यांवर उतरली, नाकावर येऊन थांबली. आतून ती हसली. खूप दिवसांनी हसली. "केवढी आणली हो! माझ्यासारख्या दोघी मावतील हिच्यात." मग काढली, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "कशाला आणली? ही पन हरवीन मी."

तिथं माझ्यानं राहवेना.

"तू हरवली नव्हतीस."

मग सगळं सांगितलं. जे लिहिलंय तेच, पण असं ओळीत नाही. मागचं पुढं, पुढचं मागं. 'घाल' म्हटलं ते सांगितलं. तिच्या आणि रानाच्या मधे उभा राहिलो ते सांगितलं. कशाला लाजलो ते सांगताना आवाज खाली गेला, तर ती म्हणाली, "मोठ्यानं बोला." मोठ्यानं सांगितलं. कूलर चालू होता. ती ताटावरच्या सांडग्यांकडं बघत होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "नीट बसली होती का त्याला?"

"कुणाला?"

"बुजगावण्याला."

मी उठून कूलर बंद केला.

"मी पोरीशी खोटं बोलले तुमच्यापायी," ती म्हणाली. "डोकं गेलं माझं असं समजून राहिले वर्षभर. गॅस बंद केला का म्हणून दोन-दोनदा उठून बघत होते." हे मला ठाऊक नव्हतं. ती उठते हे ठाऊक होतं. का उठते, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मग म्हणाली, "मी येते लग्नाला. जीपमधी बसते. तुम्ही जायचं, ती टोपी काढून आणायची. लग्न लागायच्या आधी, सगळे बसलेले असताना. आणली तर उतरते."

"अगं, ती आता काय राहिली असेल? वर्षभर उन्हापावसात..."

"तर मग? मी कुठं नवी मागून राहिले?"

लग्नाच्या दिवशी जीप मांडवाबाहेर कडुलिंबाखाली लावली. काचांना टॉवेल लावले. सुरेखा आत बसली, आणि मी दार उघडणार तेवढ्यात तिनं पिशवीतून नांदेडची करडी टोपी काढली. "ही न्या. त्याचं डोकं उघडं ठिवू नका. पिकं हायेत त्यांची."

मी मांडवातून न जाता कडेनं जाणार होतो. मग वाटलं, नको. मांडवातून गेलो. अक्का म्हणाली, "अरे, नवरी तयार हाय, कुठं निघाला?" मी म्हटलं, "आलोच." विहीर ओलांडली आणि भुईमुगात शिरलो. वर सूर्य, खाली ढेकळं. मागून माइक सुरू झाला. "मुलीचे मामा कुठे आहेत? मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन मांडवात यावे." मी चालतच होतो. "मामांना विनंती आहे..." मग बालाजीचा आवाज, माइकवरच, "अवो मामा, रानात काय करून राहिले? मुहूर्त टळतोय!" आणि मांडव हसला. ते हसणं रानावरून माझ्या पाठीपर्यंत आलं. ज्याला मी वर्षभर भीत होतो ते हसणं. ते पाठीला लागलं आणि पुढं गेलं. एवढंच होतं ते.

बुजगावण्याचा सदरा बदलला होता. काठी तीच, मडकं तेच. टोपी तीच. आभाळी रंग कुठला, राखेसारखी पांढुरकी झालेली, काठाला चिरा, वर पाखरांनी घाण केलेली. नाडी मडक्याच्या गळ्याशी बांधलेली होती, कुणीतरी नीट गाठ मारून. ती सोडवली. टोपी काढली. आतल्या पट्टीखाली, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं बोटभर आभाळी रंग तसाच होता.

मग करडी त्याच्या डोक्यावर ठेवली. वाटलं होतं ढिली होईल, दाबावी लागेल. अजिबात नाही. माझ्या डोक्याच्या मापानं घेतलेली टोपी त्या मडक्याला अशी बसली, की जणू त्याच्यासाठीच घेतली होती. चुन्याचे डोळे काठाखालून माझ्याकडं बघत राहिले. मी वळलो.

जीपपाशी आलो. सुरेखानं टोपी हातात घेतली, गुडघ्यावर दोनदा आपटली. धूळ उडाली, आतून एक मुंगळा पडला. वरचा डाग तिनं बाटलीच्या पाण्यानं पुसला. पट्टी उलटून तो आभाळी रंग बघितला. घातली, गाठ बांधली, आणि उतरली.

मांडवात बालाजी होताच. "वैनी, ही तर आमच्या गड्याची..." पुढं काय बोलावं ते त्याला सुचेना, कारण मी हसत नव्हतो. सुरेखा म्हणाली, "हाव. त्याला ह्यांच्या मापाची दिली, बघा जाऊन." एक-दोघं खरंच विहिरीकडं वळून बघू लागले.

"तोंडाला काय झालंय गं?" एका म्हातारीनं विचारलं. या वेळी मी बोललो. आजाराचं नाव घेतलं, जसं डॉक्टर घेतात तसं, पूर्ण. म्हातारी म्हणाली, "मंग बरं केलं, टोपी घातली ते," आणि पान लावू लागली.

नवरीच्या पाठीशी आम्ही उभे राहिलो, कापड संपतं तिथंच. तिनं मला माफ केलं का, मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. रविवारी ती तुकड्यावर जाते. मी बांधावर असतो, मोबाइल घरी ठेवून. मोगरा पुन्हा लावायचा म्हणते. बेचैनी गेली म्हणावी, तर तसंही नाही. वाळ्याचा वास आला की मी अजून उठतोच.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. अक्षता पडत होत्या, रंगवलेल्या ज्वारीच्या. सगळ्यांच्या डोक्यांवरून घरंगळून खाली जात होत्या. तिच्या टोपीच्या काठावर मात्र साचत होत्या, लाल, पिवळ्या. वाजंत्री वाजली तशी तिनं वाकून नवरीच्या गालावरून हात फिरवला, आणि काठावरची सगळी ज्वारी एकदम ओघळून माझ्या पायांवर पडली.